व्याह्यांची माहेरवाशीण

आमच्या व्याह्यांइतका प्रेमळ बाप मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही. फक्त एवढंच, की ते ज्याचे बाप आहेत ते एक झाड आहे. त्यांना एक मुलगाही आहे आणि माझी मुलगी त्यालाच दिली आहे. पण जावईबापूंना कांजिण्या कधी आल्या होत्या, ते दुधात साखर घेतात की नाही, असलं काही विचारलं तर व्याही विहीणबाईंकडे बघतात. झाडाचं मात्र विचारा. सातवं पान कोणत्या महिन्यात आलं, कुठल्या थंडीत कुठल्या मुळीचं टोक करपलं, कोणत्या वर्षी गोगलगाय चढली आणि ती कोणत्या बाजूने चढली, सगळं तोंडपाठ.

झाड म्हणजे ऑर्किड. ऑर्किड म्हटलं की लग्नाच्या स्टेजवर खोचलेले जांभळे दांडे आठवतात, ते हे नव्हे. ही सीतेची वेणी. दमट रानात एखाद्या उंच झाडाच्या फांदीला मुळ्यांनी मिठी मारून बसते. पानं जाड, लांब, पन्हाळीसारखी. आणि वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या तोंडी किंवा शेवटी, फुललीच तर, पानांच्या बेचक्यातून वीतभर लांबीचा पांढरा-जांभळा घोस खाली सोडते. ‘फुललीच तर’ हे शब्द मी मुद्दाम घातले आहेत. व्याह्यांकडे ती पहिली सात वर्षं फुलली नव्हती.

व्याही माण तालुक्यातले, दहिवडीपासून पाच-सहा किलोमीटरवरच्या गावचे. त्या भागातले बरेच लोक गलाईच्या धंद्यात आहेत, म्हणजे जुने दागिने भट्टीत वितळवून त्यातलं शुद्ध सोनं वेगळं काढायचं. त्यासाठी माणसं पार देशाच्या टोकापर्यंत जातात. व्याही आसामात गेले आणि अठ्ठावीस वर्षं तिकडेच राहिले. वर्षाला एक महिना गावी. शेवटी धंदा आवरून कायमचे परतले तेव्हा सगळी भावकी ट्रंकेभोवती जमली होती. अठ्ठावीस वर्षं सोनं गाळणाऱ्या माणसाने काही ना काही आणलंच असेल. ट्रंक उघडली. आत ओल्या पंच्यात गुंडाळलेली, अर्धवट वाळलेली ही बाई निघाली. तिकडच्या घरमालकाच्या फणसाची फांदी वादळात मोडून पडली, तिच्यावरून उचललेली. भावकीतले एक म्हातारे बराच वेळ ट्रंकेत वाकून बघत होते. मग म्हणाले, “खाली आजून कप्पा हाय का रं?”

आता दमट हवेतलं झाड माणमध्ये जगवायचं म्हणजे काय, हे त्या भागात ज्याने मे महिना काढला आहे त्यालाच कळेल. तिथे ढगसुद्धा पुढच्या गावी जायच्या घाईत असतात. जावयाला दहिवडीच्या शाळेत नोकरी लागली, तेव्हा त्याने पहिल्या पगारातून आईसाठी कूलर आणला. व्याह्यांनी तो सरळ ओसरीवर नेऊन झाडासमोर लावला. विहीणबाईंनी दोन दिवस ते बघितलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी आपली खाट उचलली आणि कूलर आणि झाड यांच्या बरोब्बर मधे टाकली.

“मला लागून तिला जाऊ द्या की वारं,” त्या म्हणाल्या.

“आगं, तुझ्या अंगाला लागून गेलेलं वारं कोरडं हुतंय,” व्याही म्हणाले.

त्या दिवसापासून विहीणबाई त्या झाडाला सवत म्हणतात आणि त्याच्याकडे चुकूनही बघत नाहीत. त्यांची ही न बघण्याची सवय पुढे मला फार महागात पडली.

आमची सोयरीक जुळली तीसुद्धा या झाडामुळेच. ही गोष्ट मी माझ्या मुलीला अजून सांगितलेली नाही आणि सांगायला हवी होती असं मला रोज वाटतं. मी सांगलीत विश्रामबागला राहतो, एका कॉलेजच्या ऑफिसात काम करतो. मुलगी बघायला ही मंडळी आली तेव्हा आमच्या न्हाणीघराच्या मागची भिंत पाइप गळून गळून पार ओली झालेली होती. पाहुण्यांना दिसू नये म्हणून मी तिच्यावर एक चादर वाळत घातल्यासारखी करून टाकली होती. तीही एक फसवणूकच, पण ते असो. पोहे यायच्या आधी व्याही हात धुवायला म्हणून मागे गेले ते आलेच नाहीत. मी बघायला गेलो तर चादर बाजूला झालेली आणि व्याही भिंतीला गाल लावून उभे.

“पाव्हणं, ही वल कवापास्नं हाय?”

मी चादर परत ओढली. “पाइप गळतोय. प्लंबरला सांगितलंय. लग्नाच्या आत नक्की—”

“खबरदार!” ते एवढ्या जोरात म्हणाले की आतली माणसं उठून बाहेर आली. “बगा, बगा हे शेवाळ. मखमल हाय मखमल! लय गुणाचं घर हाय. आमचं ठरलं.”

मुलगी पोह्यांचा ट्रे घेऊन आत उभी होती. तिला बघायचं राहिलंच होतं. विहीणबाईंनी तिला बघितलं, दोन प्रश्न विचारले, तिच्या हातचे पोहे खाल्ले आणि त्यांना ती आवडली, हे नशीब. पण बापाचं मन आहे. पोरगी गुणांवर गेली की भिंतीवर, हा प्रश्न मला आजही अधूनमधून छळतो.

लग्नानंतरच्या पहिल्याच चैत्रात मी मुलीला माहेरी आणायला निघायच्या बेतात होतो, तर दारात व्याही. एकटेच. हातात सागवानी पट्ट्यांची एक टोपली, तिच्यावर ओला टॉवेल. “तुमची पोरगी आमच्यात, तवा आमची पोरगी तुमच्यात,” ते म्हणाले. “उन्हाळाभर ऱ्हाऊ द्या. कृष्णाकाठची हवा हाय, पोरीला मानवंल.” विश्रामबागेतून कृष्णा दिसत नाही हे मी त्यांना सांगितलं. “तुमाला दिसत नसंल,” ते म्हणाले, “तिला कळती.” मागून सावकाशीने मुलगीही आली, पण आठ दिवसांसाठी. झाड मृगापर्यंत राहिलं. तेव्हापासून दरवर्षी हा शिरस्ता पडला.

झाड आणताना ते एसटीत दोन सीट धरतात आणि खिडकीची सीट झाडाला देतात. एकदा एका कंडक्टरने विचारलं, “बाबा, हे बांडगूळ कुटं घिऊन चाललाय?” झालं. व्याह्यांनी मायणीपासून विट्यापर्यंत अख्ख्या गाडीला शिकवणी दिली. “बांडगूळ म्हंजे दुसऱ्याच्या अंगातलं शोषतंय ते. ही कुणाचं काय खाती? हवेतलं पाणी पिती, पानावर पडंल त्यो कचरा खाती. बसायला तेवडी फांदी मागती. हाय का तुमच्यात कोण असं, ह्या गाडीत?” गाडीत तसं कोणी नव्हतं. पुढच्या वर्षी तोच कंडक्टर भेटला तेव्हा त्याने आधी टोपलीला नमस्कार केला म्हणतात.

झाड माझ्या हवाली करताना ते ज्या सूचना देतात, तशा सूचना मी माझ्या मुलीच्या पाठवणीच्या वेळी तिच्या सासरच्यांना देऊ शकलो नाही. माती अजिबात नको, माती म्हणजे तिला जिवंत पुरणं. टोपलीत नुसते कोळशाचे तुकडे आणि नारळाची सोडणं. “कोळसा कसा पायजे हे आमाला कुणी शिकवू नगा, आमची जिनगानी कोळशात गेली,” असं म्हणून ते प्रत्येक तुकडा नखाने वाजवून बघतात. ऊन सकाळचं कोवळं, तेही जाळीतून गाळून. दुपारचं ऊन दाखवायचंसुद्धा नाही. खत महिन्यातून तीन-चार वेळा, पण इतकं पातळ की आजाऱ्याला ताक पाजावं तसं. टोपली बदलायची नाही, मुळ्यांना हात लावायचा नाही, त्या हवेत कशाही लोंबू द्यायच्या. आणि पाणी? पाण्याच्या बाबतीत त्यांचा सगळा धंदा कामाला आलेला आहे. ही मुळी कोरडी असली की चांदीसारखी पांढरी दिसते आणि ओली झाली की हिरवी होते. “चांदी दिसली की पाणी, हिरवी झाली की बास,” ते म्हणतात. “चांदी वळखाय येती न्हवं तुमाला?”

मला चांदी ओळखता येत होती. पण माझा स्वभाव आड आला. कोणी आपल्याकडे राहायला आलं की त्याला काही कमी पडू नये, या धास्तीने मी माणसाला नको-नको होईपर्यंत वाढतो. दुसऱ्या वर्षी मी झाडाला हिरवं झाल्यावरही पाणी घालत राहिलो, तेही वरून, पानांच्या बेचक्यात. बेचक्यात पाणी साठलं आणि एक पान बुडाशी काळं पडून मऊ झालं. मी लगेच व्याह्यांना फोन केला आणि पहिल्यापासून सगळं कबूल केलं. किती तांबे, कोणत्या वारी, का. ते दुपारच्या गाडीने आले. ब्लेड गॅसवर लाल होईस्तोवर तापवलं, गार केलं, तेवढं पान कापलं आणि जखमेवर माझ्या बायकोच्या मसाल्याच्या डब्यातली दालचिनी कुटून तिची पूड चोळली. मी शेजारी उभा राहून माफी मागत होतो.

“आवं पाव्हणं, तुमी माफी लय मागता,” ते शेवटी वैतागून म्हणाले. “माफीनं जखम वाळत न्हाई. दालचिनीनं वाळती.”

उन्हाळाभर रोज सकाळी सातला त्यांचा फोन येतो. नमस्कार नाही, चमत्कार नाही, पहिला प्रश्न, “उठली का?” पहिल्या वर्षी एकदा फोन बायकोने घेतला. व्याही आपली एवढी चौकशी करतात म्हणून ती भारावून गेली. “हो, केव्हाच उठले,” ती म्हणाली. “चहापण झाला.” पलीकडून व्याह्यांचा घाबरलेला आवाज आला, “तिला च्या कुणी घातला?”

अशी सहा वर्षं गेली. सातव्या वर्षी, म्हणजे गेल्या वर्षी, एप्रिलच्या अखेरीस मला दोन पानांच्या मधून एक हिरवं टोक बाहेर आलेलं दिसलं. ही मुळी की तुरा? दोन्ही सुरुवातीला सारखीच दिसतात. मी फोन केला. “गोल असंल तर मुळी, जरा चपटं असंल तर तुरा,” व्याही म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. मी चष्मा लावून बघितलं, बायकोला बघायला लावलं, शेजारच्या कंपाउंडरला बोलावून बघायला लावलं. तिघांच्या मते ते चपटं होतं.

आता एक गोष्ट सांगायला हवी. व्याह्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगून तीन वर्षं झाली होती आणि घरच्यांनी हातापाया पडूनही ते तयार नव्हते. ‘काय बघायचं ऱ्हायलंय आता’ असं म्हणून उडवून लावायचे. टोक चपटं आहे असं मी सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हा माणूस आपणहून साताऱ्याला जाऊन नाव घालून आला. आठवड्याभरात उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी पंधरा दिवस धूळ, प्रवास, वाकणं सगळं बंद केलं. तिकडे ते हिरवा चष्मा लावून ओसरीवर बसले आणि इकडे तुरा लांबत गेला, कळ्या धरल्या, आणि मे महिन्याच्या मध्यावर एका सकाळी वरच्या कळ्या उमलल्या. मी फोटो पाठवू का म्हणून विचारलं.

“फोटू नगो,” ते म्हणाले. “मोबाइलमदी नगो. पयल्यांदा ह्या नव्या डोळ्यानं समोर बघीन. आठ दिस ऱ्हायलं. किती दिस टिकती?”

“तुम्हीच सांगितलंय, दोन-तीन आठवडे.”

“मग झालं. संबाळा तेवडं.”

मी सांभाळलं. देवाशपथ सांगतो, पाच दिवस मी ऑफिसातून दुपारी घरी येऊन बघून जात होतो. सुटी टाकली नाही एवढंच. सहाव्या दिवशी रविवार होता.

रविवारी दुपारी दीडच्या सुमाराला दारात जीप थांबली आणि विहीणबाई उतरल्या. कुपवाडला त्यांच्या भाचीच्या घरी साखरपुडा होता, जाता-जाता अर्धा तास टेकायला म्हणून आल्या. सोबतची मंडळी जीपमध्येच बसून होती. माझी मुलगी सासऱ्यांच्या डोळ्यांत थेंब घालायला घरी थांबली होती. आता विहीणबाई म्हणजे मनाने निर्मळ, पण मानपानाला कडक. लग्नात सगळं यथासांग झालं होतं, फक्त त्यांच्या हातात गजरा द्यायचा माझ्याकडून राहिला होता. त्यावरून त्या पंगतीतून उठल्या नाहीत, पण जिलबीला हात लावला नाही. पुढे सहा वर्षांत त्यांनी तो विषय दर भेटीत एकदा तरी हसत-हसत काढला आहे, आणि त्यांचं ते हसू मी घरी येऊन आठवत बसतो.

सरबत झालं. बायकोने ओटीची तयारी केली. खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. आणि मग स्वयंपाकघराच्या पडद्याआडून माझ्याकडे बघून तिने स्वतःच्या अंबाड्याला हात लावला. गजरा. सकाळी मंडईला जाताना तिने मला घरासाठी म्हणून गजरा आणायला सांगितलं होतं. मी कोथिंबीर आणली होती.

मी चप्पल न घालता चौकापर्यंत पळालो. मे महिन्याची दुपार. फुलवालीने टोपलीवर गोणपाट टाकलेलं आणि ती गेलेली. परत आलो. बागेत मोगऱ्याला एक कळी नाही, जास्वंद सकाळीच देवाला गेलेली. आत ओटी भरून होत आली होती. “फूल?” बायको हळूच म्हणाली. विहीणबाई खाली मान घालून बसल्या होत्या, ओठांवर तेच हसू. त्या फुलाशिवाय या घरातून गेल्या असत्या तर पुढची सहा वर्षं माझ्या मुलीला ते ऐकावं लागलं असतं. हे मी नंतर स्वतःला समजावायला शोधलेलं कारण आहे की तेव्हाच सुचलं होतं, मला खरंच सांगता येत नाही. मी मागच्या जाळीशी गेलो. तो घोस तिथे हलत होता. आयता गजरा. आयती वेणी. मी शिवणाच्या डब्यातली कात्री घेतली.

बायकोने माझ्या हातातून तो न बघताच घेतला आणि विहीणबाईंच्या अंबाड्यात खोचला. खोचल्यावर बघितलं. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला, पण बाईमाणूस मोठं धोरणी. “किती छान दिसतंय,” ती म्हणाली.

विहीणबाईंनी हाताने चाचपलं. “वजनदार हाय की. कशाचा म्हनायचा ह्यो?”

“इकडं मिळतो,” मी म्हणालो. इतकी वर्षं झाडाकडे न बघितलेल्या त्या बाईने माझ्यावर विश्वास ठेवला. पहिल्यांदाच त्या खरोखरचं हसल्या आणि जीपमध्ये बसल्या.

जीप वळली तेव्हा मला कळलं की ती साखरपुड्याहून कुठे जाणार आहे. अख्ख्या सातारा-सांगलीत ते फूल बघताक्षणी ओळखील असा एकच माणूस होता आणि फूल त्याच्याच घरी चाललं होतं. संध्याकाळी मी चार वेळा फोन हातात घेतला. खारीने खाल्ला, असं सांगावं असं एकदा मनात आलं. पण खारीने खाल्लेला घोस तुमच्या बायकोच्या अंबाड्यात कसा, हे सांगता येईना. साडेसातला मुलीचाच फोन आला. सासूला ती आत्या म्हणते आणि सासऱ्यांना मामा. “बाबा, आत्या आल्या. मामा त्यांच्याकडं बघून गप्प बसलेत. जेवलेपण नाहीत. तिकडं काही झालंय का?” मी म्हणालो, काही नाही. हेही कबूल करून टाकतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजले. फोन आला नाही. सात वर्षांत पहिल्यांदा. मी टोपली उचलली, टॉवेल ओला केला आणि पहिली मिळाली ती एसटी धरली. माझ्या मुलीचं त्या घरातलं पुढचं आयुष्य आणि एका माणसाने सात वर्षं वाट बघून, डोळा कापून घेऊन, ज्याच्यासाठी धीर धरला होता ते एवढंसं फूल, दोन्ही मी एका कात्रीने उडवलं होतं. वाटेत मी काय-काय बोलायचं ते ठरवत होतो. विट्यापर्यंत मी त्यांचे पाय धरत होतो. मायणीपर्यंत मुलीला घरी घेऊन परत येत होतो.

अंगणात शिरलो तर व्याही पाटावर बसलेले. हिरवा चष्मा कपाळावर सरकवलेला आणि उजव्या डोळ्याला सोनाराचं भिंग. त्यांच्या पुढ्यात पाठ करून, खाली मान घालून विहीणबाई बसलेल्या. व्याही एका काडीच्या टोकाने त्यांच्या अंबाड्यातली फुलं मोजत होते.

“हलू नगंस. एक्याऐंशी... ब्याऐंशी...”

“सकाळधरनं बसवून ठिवलंय,” विहीणबाई मला बघून ओरडल्या. “भाकरी ऱ्हायल्यात, जनावरं ऱ्हायलीत! आवं व्याही, सांगा ह्यास्नी कायतरी!”

मी टोपली खाली ठेवली. माझं ठरवलेलं भाषण सुरू झालं. “मी फार मोठी चूक—”

“थांबा वो, आकडा चुकंल.” मोजणी संपेपर्यंत मी उभाच राहिलो. “एकशे सात,” व्याही शेवटी म्हणाले. मग भिंग काढून माझ्याकडे वळले. “कात्रीनं तोडली का हातानं?”

“कात्रीनं.”

“तापवली व्हती?”

“नाही.”

“मंग त्या जागी दालचिनी लावा.” एवढंच. माझ्यावर झालेला राग तो एवढा.

विहीणबाई उठायला लागल्या, तर त्यांनी खांद्यावर हात ठेवून परत बसवलं. “तकडं आसामात बायका सणाला ह्यो डोस्क्यातच घालत्यात,” ते मला म्हणाले, पण बोलत होते दुसरीकडेच. “अख्खी गल्ली घालून हिंडायची.”

“म्हंजे अठ्ठावीस वर्सं हेच बघत बसला व्हता तकडं!” विहीणबाई म्हणाल्या.

व्याही हसले नाहीत. त्यांनी परत भिंग लावलं आणि जरा वाकले. डॉक्टरांनी वाकायचं नाही म्हणून सांगितलं होतं. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “केस लय पिकलं की गं तुजं.”

“आत्ता दिसलं व्हय?”

“आत्ताच दिसलं.”

विहीणबाईंनी परत उठायचं नाव काढलं नाही. माझी मुलगी दारात चहाचे कप घेऊन उभी होती, ती तशीच आत वळली.

झाडावर तो घोस अजून पंधरा दिवस राहिला असता. अंबाड्यात चार दिवसांत मलूल झाला. मुलगी सांगत होती, मलूल झाल्यावरही विहीणबाईंनी तो काढला नाही आणि काढ म्हणून व्याह्यांनीही सांगितलं नाही. ते पंधरा दिवस मी त्यांच्याकडून हिरावले हे मला विसरता येत नाही, आणि ते एकदाही बोलून दाखवत नाहीत, त्यामुळे तर मुळीच नाही.

यंदाच्या चैत्रात झाड आलं नाही. मी घाबरून फोन केला. “यंदा न्हाई पाठवत,” व्याही म्हणाले. “ही म्हनती, ऱ्हाऊ द्या हितंच, मी बघीन तिच्याकडं.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “पाव्हणं, पोरीला भेटाय येचाल तवा एक गजरा आणा. मोगऱ्याचा. हिकडं मिळत न्हाई चांगला. आन् कुणाला बोलू नगा.”

मी सकाळी मंडईत जाऊन दोन घेतले, न जाणो एक सुकला तर. विट्यापर्यंत दोन्ही ताजे होते. पुढे ऊन फार. पोहोचलो तेव्हा एकाच्या कळ्या कडेने तपकिरी व्हायला लागल्या होत्या आणि मी ते सांगायला तोंड उघडलं, पण व्याह्यांनी दोन्ही माझ्या हातातून घेतले आणि आत गेले. आतून विहीणबाईंचा आवाज आला, “ह्या वयात आता?” ओसरीवर कूलर चालू होता. मी चपला काढून झाडाजवळ बसून राहिलो.